बिनगादीचे बैल

माणसाने सासुरवाडीला आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस ओरपावा, हिवाळ्यात भरीत-पुऱ्या हाणाव्यात, मेव्हण्याच्या लग्नात फेटा बांधून मिरवावे. पण तिथे शास्त्रीय संशोधन करू नये. ही गोष्ट लीलाधर भंगाळे यांना वेळेवर कोणी सांगितली नाही असे नाही. शेजारच्या रतिलालने सांगितली होती. पण रतिलाल कापडाच्या दुकानात मुनीम. दिवसभर तो सल्लेच देत असे आणि त्यांतले बहुतेक पोट साफ ठेवण्याविषयी असत. त्यामुळे एखादा कामाचाही असू शकेल, असे कोणाच्या मनात येत नसे.

लीलाधर जळगावाबाहेरच्या एका शेती संशोधन केंद्रावर कनिष्ठ संशोधन सहायक होते. नोकरीला लागले तेव्हा डोक्यावर दाट केस होते. अठ्ठ्याऐंशी साल उजाडेपर्यंत केसांनी सेवानिवृत्ती घेतली, 'कनिष्ठ' मात्र जागचे हलले नव्हते. स्वभावाने माणूस गरीब, आवाजाने त्याहून गरीब. घरी मंदाबाई काही बोलल्या की ते "बघू" म्हणत, केंद्रावर साहेब काही बोलले की "बघतो" म्हणत, आणि दोन्हीकडचे बघायचे राहून जात असे.

अशा माणसाच्या डोक्यात संशोधनाचा किडा शिरला तो आदल्या पोळ्याला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. बैलाचा खांदा गरम पाण्याने धुऊन त्याला तूप आणि हळद चोळतात, वर्षभर जू ओढलेस, आता दोन दिवस आराम कर, असे त्याला सांगतात. लीलाधर त्या दिवशी असोद्याला, म्हणजे सासुरवाडीला होते. तिथल्या जीवराम आबांनी त्यांच्या हौशा बैलाच्या खांद्याला हळद लावली आणि बैलाचे कातडे असे थरथरले की लीलाधरांनी पुढे होऊन पाहिले. हळदीखाली तळहाताएवढी जखम होती. जू घासून घासून झालेली. बरी व्हायच्या आत परत जू, परत जखम. आबा काही निर्दय माणूस नव्हे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि हातात तूप होते. पण तूप दोन दिवसांचे आणि जू वर्षाचे. दुसऱ्या दिवशी लीलाधरांना पुरणपोळी गेली नाही. आठ पोळ्यांचा जावई तिसऱ्या पोळीला थांबला, याचीच गावात जास्त चर्चा झाली.

मग त्यांनी गादी काढली. असोद्याला केळीचा घड उतरवला की खोड बांधावर फेकतात, ते तिथेच कुजते. त्या खोडाचे सोपट, म्हणजे सालपटे, सुकवून, धागे मऊ कुटून, गोणपाटाच्या खोळीत भरायचे आणि ती लांबट गादी जुवाखाली बांधायची. शेतातले फुकट जाणारे शेतातच वापरायचे, बैलाचा खांदा वाचवायचा. कल्पना इतकी सोपी होती की केंद्रावर ती कोणालाच समजेना.

फाइल फिरू लागली. बैल आहे म्हणून ती पशुसंवर्धनाकडे गेली. त्यांनी लिहिले, जू हे अवजार आहे. अवजारवाल्यांनी लिहिले, केळी हे फळपीक आहे. फळवाल्यांनी लिहिले, जखम हा विषय आमच्याकडे नाही. जखम बैलाखेरीज कोणाचीच नव्हती आणि बैलाला शेरा मारता येत नव्हता. अखेर मंजुरी आली, तर भांडारात अडली. कच्च्या मालासाठी तीन दरपत्रके हवीत. लीलाधर बांधावर पडलेल्या खोडांसाठी दरपत्रके मागत हिंडले. एकाने सांगितले, फुकट न्या. दुसऱ्यानेही तेच सांगितले. तिसऱ्याने सांगितले, उचलून नेणार असाल तर वर चहा पाजतो. सर्वांत कमी दर म्हणून तिसरा मंजूर झाला, पण चहा कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा यावर लेखापालांनी पुढे बरेच दिवस पत्रव्यवहार केला.

योजना एका वर्षाची होती. धुळ्याच्या आढावा बैठकीत गादीची शिफारस झाली, तर योजना पुढे चालणार आणि लीलाधर जळगावात राहणार. नाही झाली, तर योजनेबरोबर त्यांची जागाही संपणार आणि त्यांची बदली कोल्हापूरच्याही पलीकडे भाताच्या केंद्रावर होणार, हे साहेबांनी स्वच्छ सांगून टाकले होते. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर वाढलेल्या माणसाला आयुष्यभर भात! मंदाबाई हे ऐकून आधी जेवल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "प्रयोग आमच्या असोद्याला करा. आमचं गाव तुम्हाला तोंडघशी पाडायचं नाही."

लीलाधरांना ते पटले. परक्या गावात शेतकरी ऐकत नाहीत, इथे जावयाचा शब्द कोण मोडेल? शब्द खरोखरच कोणी मोडला नाही. पुढची सगळी वाट त्यानेच लागली.

सुरुवात मापे घेण्यापासून झाली. गादी मापाची हवी म्हणून लीलाधर मंदाबाईंची शिवणाची टेप घेऊन बैलांच्या माना मोजू लागले. पहिल्या काही बैलांनी सहन केले. एका तांबड्या बैलाला मात्र गळ्याशी आलेला टकला माणूस पसंत पडला नाही. त्याने मान अशी झटकली की लीलाधर टेपसकट गव्हाणीत गेले. बैलाच्या मानेला काही झाले नाही. लीलाधरांच्या मानेला झाले. डॉक्टरांनी पांढरा पट्टा बांधला. मानेच्या जखमांवर संशोधन करणारा माणूस स्वतःच मानेला पट्टा बांधून मोपेडवर हिंडू लागला. केंद्रावर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे गंभीर चेहऱ्याने विचारत, "काय भंगाळे, आधी स्वतःवर प्रयोग वाटतं?" गंभीर चेहऱ्याने विचारत, हेच त्यांना लागले. रतिलालने पट्टा पाहून त्रिफळा चूर्ण सुचवले.

पहिल्या गाद्या एका रेड्याने खाल्ल्या. केळीचे सोपट ढोरांना गोड लागते, हे टिपणात कुठेच नव्हते. दुसऱ्या खेपेच्या गाद्या त्यांनी कडूनिंबाच्या तेलात बुडवल्या. त्या कोणी खाल्ल्या नाहीत, पण स्वतः लीलाधरांना इतका वास येऊ लागला की मंदाबाईंनी त्यांचे ताट दाराजवळ मांडायला सुरुवात केली. मान वळत नसल्यामुळे त्यांना घरातले कोणी दिसत नसे. ते रस्त्याकडे तोंड करून जेवत, आणि जाणारे-येणारे त्यांना काय भाजी आहे ते विचारत.

मग आला शास्त्राचा भाग. निम्म्या जोड्यांना गादी द्यायची, निम्म्यांना द्यायची नाही. हंगामाअखेर दोन्हींच्या खांद्यांची तुलना करायची, म्हणजे गादीचा गुण सिद्ध होतो. मारुतीच्या पारावर गाव जमवून लीलाधरांनी हे समजावून सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. जावई बोलत असताना माना डोलवायच्या असतात. पक्षपात नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ज्या हौशाच्या खांद्यापायी हा सगळा खटाटोप, तोच नेमका बिनगादीच्या गटात गेला.

जीवराम आबा चिठ्ठीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हन्जे मह्या बैलाले नही?"

"नाही आबा. पण तुमचा बैलही तितकाच महत्त्वाचा आहे. तो नसेल तर तुलना कशी होईल?"

"त्याचा खांदा सोलला, तं दुसऱ्याचा चांगला दिसीन. असंच ना?"

शास्त्राचे इतके सरळ भाषांतर लीलाधरांनी ऐकले नव्हते. त्यांना वाईट वाटले, मनापासून वाटले. पण ते "हो" म्हणाले, आणि आबांनी जावयाचा शब्द खाली पडू दिला नाही. "तुम्ही म्हनता तं बरोबरच असीन," एवढेच म्हणाले.

आखाजीनंतर वखरणी, मग पेरणी, मग कोळपणी. लीलाधर दर आठवड्याला असोद्याला जात. मोपेडचा आवाज पुलापासून ऐकू येई आणि गावात शिरताच पहिल्या ओट्यावर जीवराम आबा उभे असत. "जवाईबापू, पहिले चहा. बैल काही पयून नही जात." चहा म्हणजे चुलीवरचा. चूल पेटायला वेळ, दूध यायला वेळ, आणि आला की पुन्हा बशीत ओतून दुसरा कप. तिथून सुटले की पुढच्या ओट्यावर शेव-मुरमुरे, त्याच्या पुढे वरण-बट्टीचा आग्रह. मानेला पट्टा असल्याने "नको" अशी मान हलवता येत नसे आणि तोंडाने नको म्हणणे जावयाला शोभत नसे. पित्त वाढले, पोट वाढले, शर्टाची बटणे तुटू लागली. ढेकर देत देत शेतावर पोचावे, तर गादीवाले बैल गादी बांधून उभे, बिनगादीचे बैल उघड्या खांद्याने उभे, सगळे कसे ठरल्याप्रमाणे. इतके शिस्तीचे गाव आपण पाहिले नाही, असे लीलाधरांनी साहेबांना सांगितलेही.

फक्त एका गोष्टीचे त्यांना कोडे पडे. बिनगादीच्या बैलांना जखमा होईनात.

पोळा आला. खांदमळणीच्या दिवशी सगळ्या बैलांचे खांदे धुतले, तेव्हा लीलाधरांनी एकेक खांदा तपासला. गादीवाल्यांचे खांदे चांगले होते. बिनगादीच्यांचे त्याहून चांगले. हौशाच्या जुन्या जखमेवर तर नवे केस आले होते. हळद लावताना त्याचे कातडे थरथरले नाही. लीलाधरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला, आणि हात टाकल्यावर लक्षात आले की आपण बुडालो. हौशा बिनगादीचा. म्हणजे गादीचा काही उपयोग नाही. म्हणजे भात.

त्यानंतरच्या आठवड्यात मोपेड पुलाच्या अलीकडेच पंक्चर झाली. लीलाधर ती तिथेच झाडाला टेकवून बांधाबांधाने चालत निघाले. त्यामुळे आवाज झाला नाही, जीवराम आबांचा ओटा लागला नाही आणि चहाही झाला नाही. कपाशीच्या कडेने वळले तर समोर हौशाची जोडी कोळपे ओढत येत होती. जुवाखाली गादी होती. केंद्राची नव्हे. जुन्या लुगड्याच्या कापडाची, चौपदरी, काठ बाहेर काढून शिवलेली, दोन्ही टोकांना गोंडे. पलीकडच्या शेतात तशीच दुसरी. त्याच्यापुढे तिसरी.

आबांनी कोळपे सोडून कपाळाला हात लावला. "जवाईबापू, तुम्ही आज इकून कसे?"

जणू चूक लीलाधरांचीच होती. आणि हळूहळू सगळा उलगडा झाला. पहिल्याच महिन्यात गादीवाल्या बैलांचे खांदे बरे दिसू लागले. तेव्हा उरलेल्या घरांतल्या बाया लीलाधरांच्या सासूबाईंकडे, सुगंधाबाईंकडे आल्या. तुमच्या जवायानं शेजारणीच्या बैलाला गादी दिली, आमच्या बैलानं काय घोडं मारलं? गावात तोंड दाखवायची पंचाईत. सुगंधाबाईंनी माळ्यावरची जुनी लुगडी काढली, आत भरायला जावयासारखेच कडूनिंबात बुडवलेले केळीचे धागे घेतले आणि बसल्या शिवायला. जावयाने मनाई केलेली, म्हणून त्याला दिसता कामा नये. पुलावर मोपेड वाजली की ओट्यावर चहा सुरू होई, आणि चहा उकळेपर्यंत शेताशेतांत गाद्या सुटत. तो सगळा आग्रह, तो दुसरा कप, त्या बट्ट्या, ते पित्त, सगळे त्यासाठी होते.

लीलाधर सासूबाईंच्या अंगणात जाऊन बसले. सुगंधाबाई जुन्या वळणाच्या. जावयाशी समोरासमोर बोलत नसत. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गोठ्यातल्या बैलाकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "एकाले द्यायची अन् एकाले नही, असं कुठी असते का रे बाबा? त्यायनं सांगितलं तं खरं. पन आम्हाले नही जमलं."

बैलाने कान हलवला. 

केंद्रावर साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि डोळे मिटून म्हणाले, "भंगाळे, बैठकीला अजून अवकाश आहे. रब्बीची मशागत बाकी आहे. त्या लुगड्यांच्या गाद्या काढायला लावा. थोड्या दिवसांत खांदे सोलतील. मोजा, फरक दाखवा, शिफारस घ्या. मग काय त्या परत बांधायच्या ते बांधा." आणि डोळे उघडून पुढे म्हणाले, "की नुसतेच आकडे लिहिताय? मी काही बैल बघायला येत नाही."

घरी मंदाबाई म्हणाल्या, "थोडे दिवसच तर आहेत."  माहेर हाकेच्या अंतरावर होते, वर्षांनुवर्षांचे घर होते, ओळखीचा भाजीवाला होता. रतिलाल म्हणाला की दोन्ही करू नका, रजा टाका आणि पोट साफ ठेवा. या वेळी लीलाधरांना त्यातला पहिला भाग विचार करण्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते असोद्याला गेले. पट्टा आता निघाला होता, पण मान अजून आखडलेलीच होती. आबांनी चहा दिला. या वेळी लवकर झाला. लीलाधरांनी कप खाली ठेवला आणि खाली बघतच सांगितले, गाद्या काढाव्या लागतील.

 आबा उठले, गोठ्यात गेले आणि जुवासकट हौशाला घेऊन आले. "तुम्ही म्हनता तं काढतो, जवाईबापू. आम्ही कधी नही म्हटलं नही तुम्हाले. पन ही एक तुम्हीच काढा. मंग बठ्ठे काढतीन, सारं गाव."

जुवाला टांगलेली गादी लीलाधरांनी हातात घेतली. लुगड्याचा काठ हिरवा होता. मंदाबाईंनी माहेरी सोडलेले लुगडे होते ते. लीलाधरांनी हौशाच्या खांद्यावर हात ठेवला. नवे केस मऊ होते. बैलाने मान झटकली नाही, उलट ओळखीचा हात म्हणून खांदा थोडा पुढे केला. आपल्या हाताने इथे जखम करायची, मग टेप लावून ती मोजायची, आणि मग धुळ्याला जाऊन सांगायचे की बैलांचे कल्याण झाले. लीलाधरांना त्या क्षणी इतका थकवा आला की ते ओट्यावर बसूनच राहिले. नसलेली जखम कागदावर लिहायलाही त्यांचा हात धजेना. कागदावरचा हौशाही हौशाच होता.

"राहू द्या आबा," ते म्हणाले. "बांधा परत."

"मंग तुमचं?"

"बघू," लीलाधर म्हणाले.

धुळ्याला बैठकीच्या दालनाबाहेर शिपायाने त्यांना बराच वेळ थांबवून ठेवले. "बठ्ठा साहेब आतमा शेतस," सगळे साहेब आत आहेत, एवढेच तो अहिराणीत पुन्हा पुन्हा सांगत होता. आत गेल्यावर मोठ्या साहेबांनी तक्ता पाहिला. "दोन्ही गटांत काहीच फरक नाही?"

"नाही, साहेब. दोन्ही गटांना जखमा नाहीत."

"म्हणजे गादी निरुपयोगी."

"तसं नाही, साहेब. बिनगादीच्या गटानेही गाद्या बांधल्या. लोकांनी स्वतःच शिवल्या. आता गावात गादी नसलेला बैल नाही."

दालनात थोडी हालचाल झाली. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "पहिली गोष्ट, तुमचा प्रयोग बिघडला. दुसरी गोष्ट, लोक आपणहून वापरू लागले असतील तर आपण शिफारस कशाची करायची? आणि तिसरी, हा चहाचा पत्रव्यवहार काय आहे?"

योजना बंद झाली. अहवालावर शेरा पडला, 'अपेक्षित फरक आढळला नाही. शिफारसयोग्य नाही.' बदलीचा हुकूम त्याच्या पाठोपाठ आला. ही सरकारी कामातली एकच गोष्ट लीलाधरांनी वेळेवर झालेली पाहिली.

निघायच्या दिवशी सकाळी जळगावच्या बसस्टँडवर निम्मे असोदे हजर होते. कोणी केळी आणली, कोणी भरताची वांगी. "तिकडे अशी भेटत नही, जवाईबापू." रतिलालने इसबगोलाचा मोठा पुडा दिला आणि चक्क डोळे पुसले. जीवराम आबांनी लीलाधरांचा हात धरला. म्हणाले, "आमच्यापायी झालं."

"नाही आबा," लीलाधर म्हणाले, "खांदे चांगले आहेत ना?" आणि पिशव्या उचलून गाडीत चढले.

गाडी सुटता सुटता सुगंधाबाई पुढे आल्या. पदर पुढे ओढून, एस.टी.च्या पत्र्याकडे तोंड करून म्हणाल्या, "लांबचा परवास हाये. मान आखडते त्यायची. एकच व्हती शिवेल, थे देली म्हना." आणि खिडकीतून एक गादी आत सरकवली. हिरव्या काठाची, गोंड्यांची.

मंदाबाई अजिंठ्याच्या घाटापर्यंत रडत होत्या. लीलाधरांनी त्यांना गादी देऊ केली. त्या "नको, तुमची मान दुखते" म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग लीलाधरांनी ती मानेखाली घेतली. केळीच्या धाग्याला कडूनिंबाचा किंचित वास होता. गाडी खड्ड्यांतून आदळत होती, मागच्या बाकावर कोणाचे तरी डबे वाजत होते, आणि तरीही त्या पोळ्यापासून त्यांना आली नव्हती अशी झोप लागली. डोळे मिटता मिटता त्यांनी सवयीने मनात नोंद केली, गादीवाला एक, बिनगादीची एक, उतरल्यावर तुलना करावी.

जाग आली तेव्हा गाडी चहाला थांबली होती. त्यांनी मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली. दुखत नव्हती. मग त्यांचे लक्ष मंदाबाईंकडे गेले. त्या गाढ झोपल्या होत्या, आणि त्यांच्या मानेखाली हुबेहूब तशीच दुसरी गादी होती.

लीलाधरांनी त्यांना हलवून जागे केले. "ही कुठून आली?"

"आईनं गुपचूप पिशवीत घातली होती," मंदाबाई डोळे चोळत म्हणाल्या. "तुम्हाला दिसू देऊ नको म्हणाली."

"पण का?"

"एकाले द्यायची अन् एकाले नही, असं कुठी असते का म्हणाली."

 लीलाधरांनी खिडकीतून हात बाहेर काढून चहावाल्याला हाक मारली आणि दोन कप सांगितले.